रात्रीचं जेवण : मोड आलेली मटकी आणि जुडीभर पाला

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपल्या क्षेत्राबद्दल पंधरा मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी कळवलं होतं. डॉक्टर मित्र हृदयाबद्दल बोलला, वकील मैत्रीण वारसाहक्काबद्दल बोलली. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की मी एआयबद्दल बोलणार. पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय विचारला, तेव्हा मैत्रिणींचं उत्तर वेगळंच आलं. "एआयचं राहू दे. संध्याकाळी सात वाजता दमून घरी आल्यावर तू कोरड्यास काय करतेस, ते सांग." पुरुष मंडळींनी त्यावर अंगठे दाखवले. म्हणून आज मी रात्रीच्या जेवणाबद्दल बोलणार आहे. सरांनी हसू नये, विषय विज्ञानाचाच आहे.

हा विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. आपल्यातल्या एका मैत्रिणीचं हिमोग्लोबिन गेल्या वर्षी सातवर आलं. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, दुपारी डोळे मिटायचे. "वय झालं आता," म्हणून ती गप्प बसली. शेवटी रक्त चढवावं लागलं. नाव न घेता हे सांग, असं तिनेच मला सांगितलं आहे. ती घरात सात माणसांचा स्वयंपाक करते. तिला मी एकच प्रश्न विचारला, "तू स्वतः रात्री काय खातेस?" ती म्हणाली, "जे उरतं ते. भाजी संपलेली असते. चटणी-भाकर खाते आणि वर कपभर चहा घेते."

हे एकट्या तिचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. देशाचा आकडा 57 टक्के होता. म्हणजे या सभागृहात डाव्या बाजूला बसलेल्या मुलींपैकी (मी अजून मुलीच म्हणणार) दर दोघींमागे एकीला हा प्रश्न असू शकतो. दुसरीकडे, 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपलं वय पाहता त्यातले काही इथे बसलेले आहेत, आणि जेवणाच्या रांगेत गुलाबजाम कोण किती घेतंय, हे मी पाहिलेलं आहे.

दोन्ही दुखण्यांचा औषधोपचार डॉक्टरांकडेच आहे, हे आधीच सांगते. हिमोग्लोबिन सात असताना उसळ खाऊन ते बारा होत नाही. तिथे गोळ्या, इंजेक्शन आणि रक्त कुठे जातंय याचा शोध लागतो. पण रोज रात्री ताटात काय पडतं, हे आपल्या हातात आहे. माझं म्हणणं इतकंच की आपल्या बीड जिल्ह्याच्या रानात आणि डब्यात या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आधीपासून आहे. ते पंचवीस मिनिटांत होतं. ते उत्तर म्हणजे मोड आलेलं कडधान्य, त्यात जुडीभर पालेभाजी, आणि सोबत भाकर.

कडधान्य आणि पाला एकत्र शिजवणं ही शहरातल्या आहारतज्ज्ञांची कल्पना आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने येळवस आठवावी. मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि आपल्या अंबाजोगाई-केजच्या बाजूला सगळं गाव रानात जेवायला जातं. ज्वारीच्या कोपीत पूजा होते, आंबील होते, उंडे होतात. आणि पातेलं भरून भज्जी होते. भज्जीत काय असतं? हरभऱ्याचे, वाटाण्याचे, तुरीचे, वालाचे ओले दाणे, त्यात मेथी, चुका, पातीचा कांदा, थोडं बेसन, आंबटपणाला चिंच. डाळ, दाणा आणि पाला एकाच भांड्यात. वर्षातून एकदा आपण ती बोटं चाटत खातो आणि उरलेले दिवस बटाट्याची भाजी करतो. मी म्हणते, भज्जीची ती पद्धत रोजच्या रात्रीत आणा. ओले दाणे फक्त हिवाळ्यात मिळतात. मोड आणले की कोरडा दाणा बाराही महिने ओला होतो.

आता मोडांकडे येऊ. शाळेत विज्ञानाच्या तासाला तीन दाण्यांचा प्रयोग केल्याचं आठवतं का? एका पट्टीला तीन दाणे बांधायचे आणि पट्टी पाण्याच्या भांड्यात उभी करायची. खालचा दाणा बुडालेला, वरचा कोरडा, मधला पाण्याच्या कडेला. मोड नीट यायचे ते मधल्याला, कारण त्याला पाणीही मिळायचं आणि हवाही. त्या प्रयोगाला मार्क मिळाले आणि आपण तो विसरलो. पण मटकीला मोड आणायची अख्खी कृती त्यातच आहे. खूप वेळ पाण्यात ठेवली तर ती खालच्या दाण्यासारखी आंबते आणि वास मारते. नुसती निथळून उघडी ठेवली तर वरच्यासारखी सुकते. म्हणून आधी भिजवायची, मग पूर्ण निथळायची, मग ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधून झाकून ठेवायची. फडकं दाण्याला ओल देतं आणि हवाही जाऊ देतं. घट्ट आवळून बांधू नका, दाण्याला फुलायला जागा ठेवा.

वेळेचा हिशेब असा. रात्री झोपताना भिजवा. सकाळी डबे भरताना निथळा, दोनदा धुवा आणि बांधा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. हिवाळ्यात आणखी एक रात्र लागते. तेव्हा गाठोडं डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. मोड पाव इंच आले की पुरे, लांब शेपट्यांची गरज नाही. मी आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी भिजवते. मोड आले की कोरडे करून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते. दोन-तीन दिवस चांगले राहतात. आमच्या धंद्यात याला रात्री आपोआप चालणारं काम म्हणतात. माणूस झोपलेला असतो आणि काम पुढे सरकत असतं.

इथे दोन गोष्टी आपल्या भागाच्या आहेत. पहिली म्हणजे पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. "या पाण्यात डाळ शिजत नाही," असं आपल्या आया म्हणायच्या आणि वरणासाठी आडाचं किंवा नळाचं पाणी वेगळं ठेवायच्या. त्यांचं बरोबर होतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. दाण्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारा जो पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, तो कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतो. म्हणून दाणा तासभर उकळूनही टणक राहतो. घरी पिण्याचं पाणी फिल्टरचं असेल, तर भिजवायला आणि शिजवायला तेच वापरा. मोड आलेला दाणा तसाही लवकर शिजतो, कारण फुटताना तो आतून मोकळा झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गणंग. सर, हा शब्द तुम्ही मागच्या बाकावरच्या मुलांसाठी वापरायचात, पण मूळ शब्द स्वयंपाकघरातला आहे. मटकीत, हुलग्यात काही दाणे भिजतच नाहीत. त्यांचं टरफल पाणी आत घेत नाही. ते शिजतही नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात. भिजवलेली मटकी ताटात पसरली की फुगलेल्यांत हे बारके, चकचकीत दाणे ओळखू येतात. ते वेचून काढा. मुलांना या कामाला बसवा, त्यांची नजर चांगली असते.

आता मोड आल्यावर दाण्यात नेमकं काय होतं, ते पाहू. कोरड्या दाण्यात लोह असतं. मटकीत 100 ग्रॅममागे साधारण 8 मिलिग्रॅम, मुगात 5 च्या आसपास. पण त्यातलं बरंचसं फायटेट नावाच्या पदार्थाने बांधून ठेवलेलं असतं आणि आपलं आतडं ते सोडवून घेऊ शकत नाही. दाणा भिजून मोड फुटायला लागले की त्याच्यातलाच एक पाचक घटक हे फायटेट तोडायला लागतो. रोपट्याला खाद्य हवं म्हणून तो हे करतो, फायदा आपल्याला होतो. पोटात गॅस करणाऱ्या काही शर्कराही कमी होतात. आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं.

या शेवटच्या मुद्द्यामागे एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमारा या गावात सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असा तो वेढा होता. तिच्यात मराठा पलटणी होत्या. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या. ताज्या भाज्या नव्हत्या. हिंदी सैनिकांपैकी अनेकांनी घोड्याचं मांस खाल्लं नाही आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हिरड्यांतून रक्त येणं, जुन्या जखमा उघडणं, अंगात त्राण न राहणं. हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, पण तेव्हा हे जीवनसत्त्व अजून हाती लागलेलं नव्हतं. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन शास्त्रज्ञ स्त्रिया गिनिपिगांवर प्रयोग करत होत्या. कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की टळते, हे त्यांनी दाखवलं. जिथे हिरवा पाला मिळत नाही तिथे सैन्याला मोड आलेलं धान्य द्या, अशी शिफारस त्यातून पुढे आली. 1918 मध्ये सर्ब रुग्णांवरही मोड आलेल्या घेवड्यासारख्या बियांचा उपयोग झाल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आपल्या आज्यांनी लॅन्सेट वाचलं नव्हतं. पण आपल्या जिल्ह्यात चैत्र-वैशाखात माळवं कुठून मिळायचं? 1972 चा दुष्काळ इथल्या गुरुजनांनी पाहिलेला आहे. कामावरची सुकडी आणि मिलो ज्वारी त्यांच्या आठवणीत आहे. विहिरी आटल्यावर घरात हिरवं काही आणायचा एकच मार्ग असायचा, तो म्हणजे उतरंडीतली मटकी काढून फडक्यात बांधणं. कोरड्या वर्षातली ती भाजी होती. तिला गरिबीचं जेवण समजून आपण मागे टाकलं. आज तीच मोड आलेली मटकी शहरातल्या दुकानात प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते आणि कोरड्या मटकीच्या कितीतरी पट भावाने विकली जाते.

आता प्रत्यक्ष स्वयंपाक. चार माणसांसाठी सांगते, घड्याळ लावून.

साहित्य : 200 ग्रॅम कोरडी मटकी, मोड आणून. ती फुलून अडीच-तीन पट होते. निवडलेली मेथी 400 ग्रॅम, म्हणजे माणशी 100 ग्रॅम. एक मोठा कांदा, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, दोन चमचे करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, हळद, काळं तिखट किंवा येसर, दोन-तीन चमचे शेंगदाण्याचा कूट, मीठ आणि एक लिंबू.

पहिली पाच मिनिटं : कांदा चिरा, लसूण ठेचा. मेथी आधी धुवा आणि मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. मेथी आदल्या रात्री टीव्ही बघताना निवडून ठेवलेली असावी. हे काम कुणीही करू शकतं, त्याला पदवी लागत नाही.

पाच ते आठ : कढईत तेल, मोहरी, जिरं, लसूण. लसूण तांबूस झाला की कांदा. हळद घाला, मटकी घाला आणि परता.

आठ ते अठरा : वाटीभर गरम पाणी घाला. वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. ते पाणी तापतं, लागलं तर तेच आत ओतायचं. मटकी दहा मिनिटांत शिजते. दाणा बोटाने दाबला की चेपला पाहिजे, पण अख्खा राहिला पाहिजे. सारखं ढवळू नका, लगदा होतो.

याच दहा मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर भाकरी. घरात दोन माणसं असतील तर एकाने कढई बघायची आणि एकाने तवा. ज्याला भाकर थापता येत नाही त्याने पोळपाटावर लाटावी. गरम पाण्यात पीठ मळलं की लाटताही येते. भाकर गोल झाली नाही तरी पोट भरतं.

अठरा ते तेवीस : मेथी, मीठ, काळं तिखट आणि कूट घालून हलक्या हाताने वर-खाली करा. चार-पाच मिनिटांत पाला बसतो. आता झाकण ठेवू नका, रंग हिरवा राहतो.

पंचविसाव्या मिनिटाला गॅस बंद करा आणि मग लिंबू पिळा. आधी पिळू नका. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. मोडांतलं थोडं शिजताना गेलेलं असतं, त्याची भरपाई हे लिंबू करतं. पाल्यातलं आणि दाण्यातलं लोह शोषून घ्यायला तेच मदत करतं.

या ताटाचा हिशेब मी मांडून पाहिला. माणशी मटकीतून साधारण 4 मिलिग्रॅम लोह, 100 ग्रॅम मेथीतून 5 ते 6, आणि 100 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरींतून आणखी 4 च्या आसपास. बेरीज 13-14. बाजरीची भाकर असेल तर त्याहून जास्त. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला 19. म्हणजे स्त्रीची जवळजवळ निम्मी गरज एका रात्रीच्या ताटात. शिवाय एकट्या मटकीतून 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. आणि तंतू भरपूर असल्यामुळे साखर हळू चढते, हे मधुमेही मित्रांसाठी.

आकडे पाठ करू नका, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या ताटावर लगेच चहा पिऊ नका. चहातलं टॅनिन लोह बांधून ठेवतं. किमान तासभर थांबा. आपल्या मैत्रिणीने सगळ्यांत आधी हीच सवय बदलली.

रोज मटकी-मेथी खाऊन कंटाळा येईल, म्हणून जोड्या बदला. मूग आणि शेपू चांगले जमतात. शेपू न आवडणाऱ्यांनी लसूण दुप्पट घालावा. मूग आणि तांदुळजा ही उन्हाळ्यातली जोडी, तांदुळजा कमी पाण्यावरही येतो. रब्बीत करडईची कोवळी भाजी मिळते. ती मटकीत घालून बघा, आपल्याकडची खास चव आहे. पावसाळ्यात बांधावरची घोळ आणि पाथरी. हुलगा आणि चुका किंवा अंबाडी ही जोडी मला सगळ्यांत आवडते, पण तिला एक नियम आहे. हुलगा आधी कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या देऊन मऊ करून घ्यायचा आणि आंबट पाला नंतर घालायचा. चुका, अंबाडी, चिंच, टोमॅटो, काहीही आंबट आधी पडलं की दाणा कडकच राहतो. जड पाण्यात जे होतं तेच आंबटातही होतं. पेक्टिन विरघळत नाही.

थोड्या सावधगिरीच्या गोष्टी. मोड कच्चे खाण्याची हल्ली पद्धत आहे. ज्या ओलसर उबेत मोड वाढतात, तिथेच जंतूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या जंतूने पन्नासहून अधिक माणसं दगावली. म्हणून पाच मिनिटं तरी वाफवा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी तर नक्कीच. वास आलेले, चिकट झालेले मोड फेकून द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल, मुतखडा होत असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर पालेभाजी किती आणि कोणती खायची ते डॉक्टरांना विचारा. आणि पालकात लोह खूप, ही समजूत सोडा. त्यातलं फारसं अंगी लागत नाही. मेथी बरी.

शेतकरी मित्रांशी थोडं बोलायचं आहे. आपल्या लहानपणी बाजरीत मटकी, हुलगा, तूर यांचे पाटे असायचे. पाऊस कमी पडला तरी हुलगा हाताला लागायचा. आता सोयाबीन आणि कपाशीने रान भरलं आहे. पैसा त्यात आहे, मी तुम्हाला शेती शिकवणार नाही. पण घरापुरती चार तासं मटकी आणि हुलगा लावा. आणि जास्त पिकलं तर बाहेरगावी असलेल्या आम्हा वर्गमित्रांना विका. पुण्यात जुनी, किडकी मटकी घेण्यापेक्षा आपल्या मित्राच्या रानातली ताजी आम्ही आनंदाने घेऊ. ताज्या दाण्याला मोडही चांगले येतात.

आणि आता मुख्य गोष्ट. ही सगळी कृती करून, लिंबू पिळून, कढई जेवणाच्या खोलीत गेली आणि करणारीच्या वाट्याला तळाचा रस्सा आला, तर माझं भाषण वाया गेलं. आपल्या मैत्रिणीच्या घरात मेथी येत नव्हती असं नाही. येत होती. तिच्या ताटापर्यंत पोहोचत नव्हती. आज तिच्या घरी एक नियम आहे. भाजी झाली की आधी तिची वाटी बाजूला काढायची, आणि ती काढायची तिच्या मुलाने. गोळ्यांचा कोर्स आणि हा नियम मिळून तिचं हिमोग्लोबिन आता अकराच्या वर गेलं आहे. ती आज इथे आहे आणि सकाळच्या लंगडीत तिने तिघांना बाद केलं.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या वर्गातले काही बाक रिकामे व्हायचे. ती मुलं आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जायची. त्यातल्या काही मुली परत वर्गात आल्याच नाहीत. आज त्या इथेही नाहीत. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, दिवसभर मोळ्या वाहायच्या आणि रात्री पुन्हा चूल पेटवायची, हे ज्यांचं आयुष्य आहे, त्यांना पंचवीस मिनिटांचं वेळापत्रक सांगायला मी धजावणार नाही. पण त्यांच्या लेकी आपल्या शाळेत येतात. म्हणून संयोजकांपुढे एक सूचना ठेवते. आपल्या बॅचतर्फे शाळेला काय द्यावं, याची चर्चा चालू आहे. पाणी शुद्ध करायचं यंत्र द्याच. सोबत शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत परसबाग करून देऊ. तांदुळजा, मेथी, चुका आणि दोन-चार शेवग्याची झाडं. शालेय पोषण आहारात मोड आलेल्या कडधान्याला जागा आहेच, त्यात मूठभर पाला पडेल. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची गोळी द्यायची सरकारी योजना आहे. ती गोळी पोटात जाते की खिडकीबाहेर, हे बघायला आपल्यातलं कुणीतरी महिन्यातून एकदा शाळेत यावं. कुंपणाचा आणि ठिबकचा खर्च माझ्याकडे.

मित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ सोपा आहे. आज रात्री घरी पोहोचलात की झोपण्याआधी वाटीभर मटकी तुम्ही स्वतः भिजत घाला. सकाळी निथळून बांधा. बायकोला विचारू नका फडकं कुठे आहे, शोधा. परवा ग्रुपवर मोडांचा फोटो टाका. आणि मैत्रिणींनो, तुम्ही कढईचा फोटो टाकू नका, आपल्या स्वतःच्या वाढलेल्या ताटाचा टाका. चाळीशी ओलांडलेल्या प्रत्येकीने या महिन्यात हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात.

सर, बाई, तुम्ही तो तीन दाण्यांचा प्रयोग करून घेतलात, त्याबद्दल इतक्या वर्षांनी आभार मानते. उपयोग झाला.